वूयीचा कातळचहा : उकळतं पाणी, इवलं भांडं

कातळफूल

चीनच्या फुजियान प्रांतात, अगदी उत्तरेला, वूयी पर्वत आहे. तांबड्या खडकाचे उभे कडे, त्यांच्यामधून नऊ वळणं घेत जाणारी नदी, आणि कड्यांच्या बेचक्यांत जिथे जिथे थोडी माती टिकून राहते तिथे चहाची झुडपं. १९९९ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. इथल्या झुडपांपासून जो ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) होतो त्याला चिनी लोक यान-छा म्हणतात. मी कातळचहा म्हणते. प्यायलेल्या सगळ्या चहांत मला हा सर्वांत जवळचा. मराठीत त्यावर नीट काही वाचायला मिळालं नाही, म्हणून धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कातळचहाची अर्धी चव झाडाची आणि अर्धी विस्तवाची. ज्याला भाजणी कळली त्याला हा चहा कळतो. नुसतं 'दा होंग पाओ' हे कातळचहाचं सर्वांत गाजलेलं नाव बघून घेतलेला डबा बऱ्याचदा निराश करतो.

आधी जमीन. वूयीचे लोक चहाची किंमत लावताना पहिल्यांदा विचारतात की पान आतल्या कातळातलं, कडेच्या टेकड्यांवरचं, की नदीकाठच्या सपाटीवरचं? आतल्या कातळाला जंग-यान म्हणतात. त्यातल्या तीन खंग आणि दोन ज्यान, म्हणजे पाच अरुंद घळी, सर्वांत नावाजलेल्या. न्यूलान खंग आणि ह्वेइयुआन खंग ही नावं तर पाकिटांवर सर्रास दिसतात. या घळींत ऊन थोडाच वेळ पोचतं, कड्यांवरून पाणी झिरपत राहतं, आणि जमीन झिजलेल्या खडकाच्या चुरीची, म्हणून पाणी मुळाशी साचत नाही. झुडपं लावायला दगड रचून छोटे छोटे बांध घातलेत. कोकणातल्या कलमांच्या बागेतले गडगे आठवतील असे, फक्त एकेका वाफ्यात मोजकीच झाडं. आत गाडीरस्ता नाही. खुडलेलं पान कावडीने खांद्यावरून बाहेर काढतात.

खुडणी वसंतात, साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. ग्रीन टीला कोवळा कोंब लागतो, याला नाही लागत. कोंब उघडून पान मोठं होऊ देतात आणि मग तीन-चार पानं एकत्र खुडतात. पान जून नसेल तर पुढचा मार त्याला सोसत नाही.

आणि मार भरपूर असतो. आधी उन्हात पान मरगळू देतात. मग बांबूच्या मोठ्या गोल सुपांत घालून हलवतात, थांबतात, परत हलवतात. हल्ली बरेच जण हे काम फिरत्या पिंपात करतात. रात्रभर हेच चालू. हलवताना पानांच्या कडा एकमेकींवर आपटून दुखावतात, तिथे रस हवेला लागतो आणि कड तांबूस होते. मधला भाग हिरवाच राहतो. या दुखापतीतूनच पानात फुलांचा वास तयार होतो. किती हलवायचं, किती थांबायचं, हे त्या रात्रीच्या हवेवर आणि कारागिराच्या नाकावर. पहाटेच्या सुमाराला पान योग्य वासाला आलं की तापल्या कढईत घालून ही क्रिया थांबवतात, गरम असतानाच मळून पीळ देतात आणि वाळवतात.

इथे बाकीचे चहा संपतात. कातळचहाची खरी कसोटी पुढे आहे. देठ निवडून काढले की भाजणी. जमिनीत खड्डे असतात. त्यांत कोळसा ठेचून दाबून भरतात, पेटवतात, धूर आणि वास पूर्ण जाईपर्यंत जळू देतात आणि मग वरून राख पसरतात. ज्वाळ नाही, धूर नाही, नुसती धग. त्यावर कमरेशी निमुळती अशी बांबूची टोपली, टोपलीच्या मध्यावर चाळण, चाळणीवर चहा. आच वाढवायची असेल तर राख थोडी सारतात, कमी करायची असेल तर आणखी पसरतात. भाजणारा माणूस टोपलीला बाहेरून हात लावून आच ओळखतो. तासन् तास भाजायचं, काही आठवडे ठेवून द्यायचं, परत भाजायचं. चांगल्या मालाला असे दोन-तीन फेरे सहज होतात. त्यानंतरही चहा लगेच पीत नाहीत, आग निवळू देतात. वसंतात खुडलेला चहा म्हणूनच शरदात किंवा त्याहूनही उशिरा प्यायला येतो.

आता करायची पद्धत. झाकणाचा लहान पेला, म्हणजे गायवान, ११० मिलिलिटरचा, आणि चहा ८ ग्रॅम. वूयीची सुटी पाकिटं साधारण याच मापाची असतात. पेला उकळत्या पाण्याने तापवून घ्या, पाणी ओतून टाका, कोरडा चहा घाला, झाकण लावून हलकेच हलवा आणि झाकण काढून वास घ्या. चहाची पहिली ओळख इथे होते. मग खळाखळा उकळतं पाणी. ऐंशी-नव्वद अंशांचा सल्ला हिरव्या चहासाठी आहे. भाजलेल्या जून पानाला पूर्ण उकळी लागते, नाहीतर तो आतलं काही सोडत नाही. पहिलं पाणी दहा सेकंदांच्या आत गाळून घ्या, शेवटच्या थेंबापर्यंत. पेल्यात पाणी राहिलं की पुढचा हात, म्हणजे त्याच पानावर पुन्हा ओतलेलं पाणी, कडू होतो. दुसरा, तिसरा हातही तेवढाच. चौथ्यापासून पाच-दहा सेकंद वाढवत जा. चांगला चहा सात-आठ हात सहज देतो.

पिताना वासाच्या मागे फार लागू नका. वास कुणीही आणू शकतो. घोट गिळल्यावर काय उरतं ते बघा. जिभेच्या कडांना लाळ सुटते, घसा ओला राहतो आणि थोड्या वेळाने तिथे गोडवा येतो. दगडाला पाणी लागल्यावर येते तशी एक खनिज छटा मागे राहते. वूयीचे लोक याला यान-युन म्हणतात. ती ज्या चहात नाही तो नुसता भाजलेला ऊलाँग.

---

गवतीचहा

काय सुंदर लिहिलंय! वाचनखूण साठवली. माझ्याकडे भावाने चीनहून आणलेला दा होंग पाओचा डबा आहे. डब्यावर कड्यावरच्या झुडपांचं चित्र आहे. हा त्याच झाडांचा का?

---

कातळफूल

धन्यवाद गवतीचहा. नाही, त्या झाडांचा असणं शक्यच नाही. ज्यूलोंग ख नावाच्या घळीत कड्यावर बांधलेल्या ओट्यांवर सहा जुनी झुडपं आहेत, तुमच्या डब्यावर चित्र त्यांचं. २००५ साली त्यांची शेवटची खुडणी झाली. त्या वर्षी या झुडपांच्या २० ग्रॅम चहाला लिलावात दोन लाख युआनच्या वर किंमत आली. २००६ पासून खुडणी बंद आहे, आणि शेवटच्या खुडणीतले २० ग्रॅम २००७ साली बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात दिले गेले.

बाजारात मिळतो तो दा होंग पाओ बहुतेक वेळा मिश्रण असतो. रोऊ ग्वेइ आणि श्वेइ श्यान या दोन जाती प्रामुख्याने, आणि जोडीला आणखी एखादी. यात फसवणूक काही नाही. मिश्रण जमवणं हे वूयीत मानाचं काम आहे आणि चांगलं मिश्रण एकेरी जातीपेक्षा भरदार लागतं. पण शिकायचं असेल तर या दोन जाती वेगवेगळ्या घेऊन प्या. तिकडे म्हणच आहे, सुगंधात रोऊ ग्वेइच्या पुढे कुणी नाही आणि मऊपणात श्वेइ श्यानच्या पुढे कुणी नाही. रोऊ ग्वेइ तिखट अंगाचा, दालचिनीच्या सालीचा वास येणारा, पहिल्या घोटालाच अंगावर येतो. श्वेइ श्यान जाडसर, सावकाश. जुन्या झाडांचा असेल तर त्याला ओल्या लाकडाची, शेवाळाची छटा असते. मी श्वेइ श्यानच्या बाजूची आहे, आधीच सांगते.

---

सह्यकडा

ताई, मी इथे मागवलेल्या एका चहाला सरळ कोळशाची चव येतेय. पद्धत तुम्ही सांगितलीत तीच. हीच ती भाजणी म्हणायची का?

---

कातळफूल

सह्यकडा, दोन शक्यता आहेत. एक म्हणजे चहा नुकता भाजलेला आहे. मग तो हवाबंद डब्यात घालून दोन-तीन महिने विसरून जा. आग निवळली की आतला गोडवा वर येतो. दुसरी म्हणजे पान जळलंय. हलक्या पानातले दोष झाकायला काही लोक असं मुद्दाम करतात.

ओळखायचं कसं? सगळे हात संपल्यावर पेल्यातला चोथा पांढऱ्या बशीत पाण्यात सोडा आणि एकेक पान बोटांनी उलगडून बघा. नीट भाजलेलं पान तपकिरी झालं तरी मऊ असतं, हलकं ओढलं तर उलगडतं, आणि भाजणी मध्यम असेल तर कडेची लाली अजून दिसते. जास्त भाजलेल्या पानाच्या पाठीवर बारीक फोड आलेले दिसतील, तो दोष नाही, उलट तिथले लोक ती चांगल्या भाजणीची खूण मानतात. पान काळं, ताठ, पीळ न सोडणारं असेल आणि बोटात चुरत असेल तर ते कोळसा झालंय. ते ठेवून सुधारणार नाही.

---

सह्यकडा

आत्ताच बघितलं. पानं उलगडतात, दोन-तीन पानांना कडेला लालसर रेघ आहे. म्हणजे डबा बंद करून ठेवतो दिवाळीपर्यंत.

---

श्यामेनवासी

मी कामानिमित्त फुजियानमध्येच, श्यामेनला असतो. कातळफूल यांनी लिहिलंय ते अगदी इथल्यासारखं आहे. थोडी भर घालतो.

इथे कुणाच्याही दुकानात, कार्यालयात गेलं की चहाचं ताट मांडलेलंच असतं. बोलणी, व्यवहार, भांडणं मिटवणं, सगळं त्या ताटाभोवती. पेले अगदी लहान, दोन-तीन घोटांचे. यजमान ओतत राहतो आणि पाहुण्याने टेबलावर दोन बोटं हलकेच वाजवून आभार मानायचे. बरोबर खायला शेंगदाण्याची कुरकुरीत मिठाई मिळते, हे श्यामेनचं वैशिष्ट्य. आपली शेंगदाण्याची चिक्की कातळचहाबरोबर तितकीच छान जाते.

इथे फुजियानच्या दक्षिणेत आन्शी भागाचा तिए गुआन यिन हा ऊलाँगही घरोघरी. तो गोळीसारखा वळलेला असतो. गेल्या काही दशकांत त्याची हिरवी, कमी भाजलेली तऱ्हा फार चालते आणि तिला ऑर्किडसारखा वास असतो. जुन्या पद्धतीचा भाजलेला तिए गुआन यिन मात्र कातळचहा आवडणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

---

पाणपोई

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही! माझ्याकडे बोअरचं पाणी आहे, प्रचंड जड. एकच चहा माझ्या घरी आणि बहिणीच्या घरी (तिच्याकडे धरणाचं पाणी) करून बघितला. माझ्याकडे रंग गढूळ, वर पातळ साय, आणि वास जवळजवळ नाही. तिच्याकडे लखलखीत केशरी.

---

कातळफूल

पाणपोई, फार महत्त्वाचा मुद्दा. जड पाण्यातले क्षार चहातल्या घटकांना धरून ठेवतात, म्हणून तो तवंग आणि म्हणून वास दबलेला. वूयीत कड्यातून येणारं पाणी मऊ असतं आणि चहा त्यातच वाढलेला, त्यातच पारखलेला. घरच्या शुद्धीकरण यंत्राचं पाणी मात्र कधी कधी अगदीच रिकामं होतं, त्यात चहा पातळ आणि किंचित आंबट लागतो. त्या पाण्यात थोडं नळाचं पाणी मिसळून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात धरणाचं पाणीही बदलतं, तेव्हा एकाच पाकिटाची चव महिन्यागणिक वेगळी लागली तर चहाला दोष देऊ नका.

---

थंडहवा

मी महाबळेश्वरला राहतो. इथे पाणी शंभरला उकळतच नाही. साडेतेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर ९५-९६ अंशांतच उकळी फुटते. मग कातळचहा इथे जमणारच नाही का?

---

कातळफूल

जमेल की. तुमच्याकडे उष्णता वाया घालवायला जागा नाही, एवढंच. किटली चहाच्या शेजारीच ठेवा, उकळी चालू असतानाच ओता, पेला दोनदा तापवून घ्या आणि प्रत्येक हाताला तीन-चार सेकंद जास्त द्या. पातळ चिनी मातीच्या पेल्याऐवजी यीशिंग या चिनी गावची जाड मातीची लहान चहादाणी मिळाली तर उत्तम, ती धग धरून ठेवते. थंडीत तर तुमच्याकडे ती हवीच.

---

जुनीपेठ

वूयी हे नाव वाचून एक दुवा आठवला. अठराव्या शतकात इंग्रज ज्याला 'बोही' चहा म्हणत तो मूळ याच डोंगराच्या नावावरून. १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात समुद्रात फेकला गेलेला बहुतांश चहा बोहीच होता. आणि या व्यापारात मुंबई अगदी मध्यभागी होती. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू चीनमधल्या कँटन बंदराला जायची, तिकडून चहा लंडनला. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातली. आपल्या जे.जे. रुग्णालयाच्या उभारणीमागे तो पैसा आहे. चहाच्या पेल्यामागे अफूने उद्ध्वस्त झालेली चिनी माणसं आहेत, हेही या धाग्यावर नोंदलेलं असावं असं मला वाटतं.

शिवाय रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ १८४९ मध्ये चिनी वेशात वूयीत जाऊन आला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्याकडून चीनमधली रोपं, बी आणि कारागीर हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी आणवले.

---

कातळफूल

जुनीपेठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. एकच जोड देते. बोही म्हणून जाणारा बराचसा माल काळा चहा होता, आजचा कातळचहा नव्हे. त्याच डोंगररांगेतलं थोंगमू गाव काळ्या चहाचं जन्मस्थान मानलं जातं. तिथे पाइनच्या धुरावर वाळवलेला चहा होतो. त्याच्यासाठी वेगळा धागा लागेल.

---

मिरीवेल

व्यावहारिक प्रश्न. आठ ग्रॅम म्हणजे खूपच झाला. रिकाम्या पोटी प्यायल्यावर मला गरगरलं. आणि गायवान नसेल तर?

---

श्यामेनवासी

मिरीवेल, रिकाम्या पोटी इथले लोकही पीत नाहीत. जेवणानंतर तासाभराने घ्या, सोबत काहीतरी गोड ठेवा. एकटीसाठी करत असाल तर ६०-७० मिलिलिटरचं भांडं आणि ४-५ ग्रॅम चहा, प्रमाण तेच राहतं. गायवान नसेल तर झाकण बसेल असा कोणताही लहान कप आणि बारीक गाळणी चालते. मोठ्या किटलीत चिमूटभर टाकून पाच मिनिटं ठेवणं मात्र नको, त्यात या चहाची चढउतार कळत नाही.

---

कातळफूल

श्यामेनवासींशी सहमत, पण लांब मुरवण्याचा एक उपयोग आहे. खरेदी करताना. चीनमधली ऊलाँग पारखायची ठरलेली पद्धत अशी: ११० मिलिलिटरच्या झाकणपेल्यात ५ ग्रॅम चहा, उकळतं पाणी, पहिल्यांदा २ मिनिटं, मग ३, मग ५. प्यायला हा चहा जड लागतो, पण दोष लपत नाहीत. भाजणी कच्ची असेल तर दुसऱ्या वेळी गवताची चव येते. वास वरवरचा असेल तर तिसऱ्या वेळी उरत नाही. कडूपणा आला आणि जिभेवर तसाच बसून राहिला तर माल परत करा. आला आणि घशात गोड होत गेला तर घ्या.

मिरीवेल, तुम्हाला तीव्रता नको असेल तर मध्यम भाजणीचा श्वेइ श्यान घ्या, एक वर्ष ठेवलेला मिळाला तर अधिक चांगलं. पोटाला तो सौम्य जातो असा माझा अनुभव आहे. आधी ५० ग्रॅमच मागवा. पाकिटावर जात, खुडणीचं वर्ष आणि भाजणी या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या नसतील तर विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे बघा.

---

गवतीचहा

तुमच्या पद्धतीने माझ्या डब्यातला चहा करून बघितला, पाच हात झाले. तिसरा सर्वांत छान होता, भाजलेल्या बदामासारखा वास आणि मागून गोडी. सासूबाईंनी आल्याशिवाय चहा कधी घेतलेला नाही, पण त्यांनीही दोन पेले मागून घेतले आणि विचारलं की यात गूळ घातलाय का. आता रोऊ ग्वेइ आणि श्वेइ श्यान दोन्ही मागवते. दोन्ही शेजारी शेजारी करताना पेले दोन लागतील की एकच धुऊन वापरू?

---

कातळफूल

दोन घ्या, एकाच मापाचे आणि एकाच जाडीचे. वजनही काट्यावर तोलून सारखं ठेवा, रोऊ ग्वेइचं पान लहान आणि श्वेइ श्यानचं मोठं असल्यामुळे डोळ्यांचा अंदाज चुकतो. आणि श्वेइ श्यान आधी चाखा. रोऊ ग्वेइ आधी घेतलात तर त्याच्या तिखटपणापुढे श्वेइ श्यान कळणार नाही. काय आढळलं ते इथे जरूर लिहा, सासूबाईंना कुठला आवडला तेही.